रॉबर्टोचं कार्ड

मित्रहो, बेसबॉल कार्डांची, म्हणजे पुढे खेळाडूचं चित्र आणि मागे त्याचे आकडे असलेल्या छोट्या पत्त्यांची बातमी हल्ली येते ती किमतीची. ऑगस्ट २०२२ मध्ये मिकी मँटल या नामांकित खेळाडूचं १९५२ सालचं टॉप्स कंपनीचं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. याच मालिकेची न खपलेली खोकी आपण १९६० साली समुद्रात बुडवली, असं ती कार्डं तयार करणारे साय बर्गर सांगायचे. आमच्या खिशातल्या कार्डांना असा भाव कधी आला नाही. मला बोलायचंय त्यांच्याबद्दलच.

अमेरिकेत पिट्सबर्गला गेलो तेव्हा मी शाळकरी होतो. दहा सेंटला पाकीट मिळायचं. आत कार्डं आणि च्युइंग गमची कडक गुलाबी पट्टी. तिची पिठी कार्डाला चिकटलेली असायची. दोनदा आलेली कार्डं आम्ही बदलायचो, नकोशी सायकलच्या तारांत अडकवायचो. पण खरा खजिना मागच्या बाजूला! वर्षवार सामने, हिट (म्हणजे चेंडू टोलवून बेस गाठणं), सरासरी. दशांश मी तिथेच शिकलो.

आणि माझा खेळाडू एकच, रॉबर्टो क्लेमेंटे. पोर्तो रिकोचा, पाठीवर २१ आकडा. राइट फील्डमधून, म्हणजे मैदानाच्या उजव्या टोकाकडून, त्याने चेंडू फेकला की धावणारा जागीच थबकायचा. १९५५ च्या पहिल्या कार्डावर त्याचं नाव नीट छापलंय. पुढे मात्र १९६९ पर्यंत कित्येक वर्षं टॉप्सने त्याला ‘बॉब’ करून टाकलं. त्याला ते मुळीच आवडत नसे. त्याचं इंग्रजी वार्ताहर मुद्दाम तोडकंमोडकं करून छापायचे. माझंही नाव शाळेत कापून सोपं केलं होतं, त्यामुळे जुन्या कार्डावरचा तो ‘बॉब’ मला फार लागायचा.

१ सप्टेंबर १९७१ ला त्याच्या संघाने, पिट्सबर्ग पायरेट्सने मैदानात उतरवलेले नऊच्या नऊ खेळाडू कृष्णवर्णीय किंवा लॅटिन अमेरिकी होते. मेजर लीगमध्ये, अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, हे पहिल्यांदाच घडत होतं, आणि क्लेमेंटे त्यात होता. त्याच वर्षी वर्ल्ड सीरीजच्या, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेच्या सातही सामन्यांत त्याने हिट मारले. जिंकल्यावर टीव्हीवर तो आधी स्पॅनिशमध्ये आपल्या आईवडिलांशी बोलला. साऱ्या अमेरिकेसमोर! आमच्या घरात त्याचं अप्रूप मला शब्दांत सांगता येणार नाही.

३० सप्टेंबर १९७२ ला त्याचा तीन हजारावा हिट झाला. ३१ डिसेंबरला निकाराग्वाची राजधानी मानाग्वा इथल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्याचं विमान पोर्तो रिकोतल्या सान हुआनजवळ समुद्रात कोसळलं आणि त्यात तो गेला. थोर खेळाडूंचा गौरव करणाऱ्या हॉल ऑफ फेमने खेळ संपल्यावर पाच वर्षं थांबायचा नियम बाजूला ठेवून १९७३ मध्येच त्याला घेतलं. त्या साली टॉप्सने त्याचं कार्ड काढलं, पूर्ण नावानिशी. मागे एकूण हिट ३०००.

ते प्लास्टिकमध्ये बंद करून ठेवा, असं मला जाणकार सांगतात. मी ठेवणार नाही. आज इथे आणलंय. मुलांनो, नंतर पुढे या आणि हातात घेऊन मागची बाजू नीट वाचा.