दगड पुसून मग फोटो

[पहाट. एटापल्ली-आलापल्ली रस्ता. धुळीतून येणारे ट्रकचे दिवे.]

कोंबडा आरवायच्या आत या रस्त्यावरून पहिला ट्रक गेलेला असतो. मग दिवसभर रांग. कडेची सागाची पानं हिरवी होती, हे पावसाळ्यातच आठवतं.

मी वर्तमानपत्रांसाठी फोटो काढतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या सुरजागडला पहिल्यांदा आलो तेव्हा मला एकच फोटो हवा होता: कापलेला डोंगर. तो मिळाला, छापूनही आला. गावातल्या कुणी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. डोंगर त्यांना रोजच दिसतो, त्याचा फोटो कशाला?

[लांबून डोंगर. पायऱ्या पायऱ्यांनी खोदलेला लाल उतार.]

कागदावर हे लोहखनिज. माडिया गोंड आदिवासींसाठी मात्र ठाकुरदेवाचा डोंगर. दर जानेवारीत इथे यात्रा भरते. २००७ साली ३४८ हेक्टरचा खाणपट्टा मंजूर झाला. २०१६ च्या डिसेंबरात नक्षल्यांनी सत्तरावर वाहनं जाळली. काम रखडलं, २०२१ पासून पुन्हा जोरात सुरू झालं. २०२३ मध्ये खोदकामाची वर्षाला ३० लाख टनांची मर्यादा १ कोटी टनांवर गेली. त्यासाठीची जनसुनावणी झाली गडचिरोलीला, शंभरावर किलोमीटर लांब. दिवसाची मजुरी बुडवून तिथवर जायचं कुणी?

गावातली काही पोरं खाणीत कामाला आहेत. संध्याकाळी मोटरसायकलवर परततात, कॅमेरा दिसला की तोंड फिरवतात. मीही मग कॅमेरा खाली घेतो.

[अंगण. ताडपत्रीवर वाळत घातलेला मोह.]

मोह पहाटे पडतो, सकाळी लवकर वेचावा लागतो. एका आजीनं मूठभर मोह माझ्या हातावर ठेवला. बोटं धुळीनं लाल झाली. पावसाळ्यात हाच लाल गाळ नाल्यातून धानाच्या बांध्यांत उतरतो, अशी खालच्या गावांची तक्रार आहे.

एक दिवस गावातले एक आजोबा म्हणाले, "बापू, खदानीचे लय काढले. आता आमचे दगडं काढ."

दगड म्हणजे मेलेल्यांच्या नावानं उभे केलेले. माडियांत ही रीत जुनी. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत पुरावे म्हणून जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थानं आणि म्हाताऱ्या माणसांचे जबाब चालतात. ग्रामसभेच्या वनहक्क दाव्याच्या फाईलीत हे सगळं लावायचं होतं. माझ्या संपादकाला या फोटोंत बातमी दिसली नसती. मलाही आधी दिसली नव्हती.

[जंगलाच्या कडेला उभ्या दगडांची रांग.]

आजोबा एकेका दगडाजवळ थांबत होते. हा बापाचा. हा आज्याचा. त्यापलीकडचे कुणाचे, हे त्यांच्या बापाला ठाऊक होतं. मी नाव लिहून घ्यायचो, मग फोटो.

शेवटच्या दगडावर बोटभर लाल धूळ बसली होती. माझ्या दृष्टीनं तीच तर बातमी. मी कॅमेरा डोळ्याला लावला, तोवर आजोबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि दगड पुसायला घेतला. वरून, मग बाजूनं, मग खाली वाकून बुडाशी.

"असं कसं काढतं जी," ते म्हणाले, "पाहुण्यासमोर माणूस तोंड धुऊनच येते ना."

मी थांबलो. दुपट्टा झटकून ते दगडाशेजारी उभे राहिले, सदरा नीट केला, आणि म्हणाले, "हं. काढ आता."