सेगानं कन्सोल सोडले ते बरोबरच केलं

तारीख ३१ जानेवारी २००१. जपानच्या सेगा कंपनीनं जाहीर केलं की ड्रीमकास्ट या आपल्या कन्सोलचं, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या मशीनचं, उत्पादन मार्चअखेर बंद होणार, आणि इथून पुढे सेगा फक्त गेम बनवणार, ते पण दुसऱ्यांच्या मशीनवर. म्हणजे ज्या निन्टेन्डोशी दहा-बारा वर्षं उभा दावा होता त्यांच्या मशीनवर, आणि ज्या सोनीनं सगळा धंदा ओढून नेला त्यांच्याही. आठवडाभर आधी निक्केई पेपरात ही बातमी फुटली होती, तेव्हा कंपनीनं ती नाकारली होती, त्यामुळे चाहत्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की नसेल खरं.

इतकी वर्षं झाली तरी ड्रीमकास्टचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, अजून एक-दोन वर्षं तग धरायला पाहिजे होता, मशीन चांगलं होतं, गेम चांगले होते, मग सोडलं कशाला? ड्रीमकास्ट माझं पण अतिशय आवडतं मशीन आहे. पण हे म्हणणं मला पटत नाही, आणि का पटत नाही तेच सांगायला हा व्हिडिओ केलाय.

आधी हा धंदा चालतो कसा ते बघू. कन्सोल विकून कंपनीला सुरुवातीला फार काही सुटत नाही, बऱ्याचदा तर एकेका मशीनमागे तोटाच असतो. पैसा येतो गेममधून. स्वतःच्या गेममधून येतोच, पण दुसऱ्या कंपनीनं तुमच्या मशीनसाठी गेम काढला की त्याच्या प्रत्येक कॉपीमागे तुम्हाला रॉयल्टी मिळते, खरी कमाई ती. जत्रा भरवण्यासारखं आहे हे, मैदान सपाट करा, मांडव घाला, लाइट लावा, सगळा खर्च आधी आपल्या खिशातून, आणि मग दुकानं लागली की भाडं सुरू. दुकानंच लागली नाहीत तर मैदान कितीही झकास असू दे, खर्च अंगावर येतो. त्यामुळे इथे दोन गोष्टी लागतात, पहिली दोन-तीन वर्षं तोटा सोसायची ताकद, आणि दुकानदारांचा, गेम बनवणाऱ्यांचा, गिऱ्हाइकांचा विश्वास.

हा विश्वास सेगाकडे एके काळी भरपूर होता. १९८८ साली जपानमध्ये मेगा ड्राइव्ह आलं, अमेरिकेत तेच जेनेसिस नावानं गेलं, १९९१ ला सॉनिक हा सेगाचा गाजलेला गेम आला आणि अमेरिकेत सेगानं निन्टेन्डोला खरोखर घाम फोडला. जगभरात ३ कोटींच्या आसपास मशीन विकली गेली. आपल्याकडे सुद्धा १९९५ ला शॉ वॉलेस कंपनीनं मेगा ड्राइव्ह अधिकृतपणे आणलं होतं, पण किंमत अशी की मध्यमवर्गीय घरात ते येणं शक्यच नव्हतं, आपली पिढी वाढली ती निन्टेन्डोच्या नकली मशीनवर आणि त्या पिवळ्या कॅसेटवर.

आणि मग सेगानं स्वतःच्या हातानं तो विश्वास घालवला. मेगा ड्राइव्हला जोडायचं सीडी ड्राइव्ह काढलं, ते फारसं चाललं नाही. मग त्याच मेगा ड्राइव्हच्या डोक्यावर बसवायचं ३२एक्स नावाचं जोडमशीन काढलं. हे ३२एक्स अमेरिकेत आलं नोव्हेंबर १९९४ मध्ये, आणि त्याच आठवड्यात जपानमध्ये सेगानं आपलं पुढचं मोठं कन्सोल, सॅटर्न, बाजारात आणलं! म्हणजे अमेरिकेतल्या पोरानं आईबापांच्या मागे लागून दीडशे डॉलरचा डबा घेतला आणि तो घेतानाच जुना झालेला. ज्या कंपन्यांनी ३२एक्ससाठी गेम बनवायला घेतले होते त्यांनाही दिसलं की हे काही खरं नाही, आणि एकेक जण बाजूला झाला.

त्याहून वाईट म्हणजे मे १९९५. लॉस एंजेलिसला ई-थ्री हे व्हिडिओ गेमचं पहिलं मोठं प्रदर्शन होतं. सॅटर्न अमेरिकेत २ सप्टेंबरला येणार असं आधी ठरलेलं, दुकानं त्या हिशोबानं बसलेली, गेम बनवणाऱ्यांच्या तारखा त्याप्रमाणे लागलेल्या. आणि सेगा अमेरिकेचे प्रमुख टॉम कॅलिन्स्की स्टेजवर येऊन सांगतात की सॅटर्न आजपासूनच मिळणार, किंमत ३९९ डॉलर. माल फक्त निवडक चार दुकान-साखळ्यांना पाठवलेला, बाकीच्यांना पत्ताच नाही. केबी टॉइज ही मोठी साखळी इतकी चिडली की त्यांनी सॅटर्न ठेवायलाच नकार दिला. गेम पण मोजकेच, कारण बाकीचे सप्टेंबर धरून चाललेले. त्याच प्रदर्शनात सोनीचे स्टीव्ह रेस बोलायला उठले, माइकसमोर आले, एकच आकडा म्हणाले, २९९, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन कन्सोलची डॉलरमधली किंमत, आणि जाऊन बसले. टाळ्यांचा नुसता कडकडाट.

सॅटर्न ९० लाखांच्या थोडं वर जाऊन थांबलं, प्लेस्टेशन १० कोटींच्या पुढे गेलं. सॅटर्नमध्ये हिताचीचे दोन प्रोसेसर होते आणि दोन्हीकडून नीट काम करून घेणं प्रोग्रॅमरला अवघड जायचं, बाहेरच्या कंपन्यांना प्लेस्टेशनवर काम करणं कितीतरी सोपं होतं. आणि सॉनिकचा एकही नवा मोठा गेम सॅटर्नवर पूर्ण होऊ शकला नाही, यावर आता विश्वास बसणार नाही पण तसं झालं. १९९७ ला बान्दाय कंपनीशी विलीनीकरणाचं ठरलं, ते पण मोडलं. तोटा वर्षामागून वर्ष चालूच.

ड्रीमकास्ट आलं ते या सगळ्याच्या पाठीवर. नोव्हेंबर १९९८ ला जपानमध्ये, आणि ९ सप्टेंबर १९९९ ला अमेरिकेत, किंमत १९९ डॉलर. अमेरिकेत पहिल्या चोवीस तासांत सव्वादोन लाखांवर मशीन गेली. आणि मशीन काय होतं! मोडेम आतच बसवलेलं, म्हणजे १९९९ साली फोनची वायर लावायची आणि टीव्हीसमोर बसून दुसऱ्या गावातल्या माणसाशी खेळायचं. कंट्रोलरमध्ये मेमरी कार्ड सरकवायचं त्यालाच छोटा स्क्रीन आणि बटणं, अमेरिकन फुटबॉलचा गेम खेळताना पुढची चाल त्या छोट्या स्क्रीनवर निवडायची, म्हणजे शेजारी बसलेल्या विरोधी भिडूला दिसत नाही. कार्ड काढून खिशात टाकलं की त्याच्यावरच छोटे गेम. ही कल्पना फक्त त्याच कंपनीला सुचू शकते जी मशीन पण स्वतः बनवते आणि गेम पण, आणि कन्सोल सोडल्यानं सेगानं नेमकं काय गमावलं असेल तर ते हेच. ते मी नाकारत नाहीये.

पण बाकीची बाजू बघा. मॅडेन हा अमेरिकन फुटबॉलचा गेम काढणारी ईए कंपनी, जिनं जेनेसिसच्या काळात अमेरिकेत सेगाला एवढा हात दिला होता, तिनं ड्रीमकास्टसाठी एकही गेम काढला नाही. सोनीनं मार्च १९९९ लाच, म्हणजे ड्रीमकास्ट अमेरिकेत पोचायच्या सहा महिने आधी, प्लेस्टेशन २ ची घोषणा करून टाकली, ते डीव्हीडी पण चालवणार, जुन्या प्लेस्टेशनचे गेम पण चालवणार, आणि लोक म्हणाले थांबूया. सॅटर्ननं पोळलेला माणूस तर थांबणारच. वर पायरसी. ड्रीमकास्टमध्ये संगीताच्या एका खास प्रकारच्या सीडीसाठी ठेवलेली सोय होती, तिच्यातून हॅकर आत शिरले, आणि २००० सालापासून मशीन न उघडता, कुठलीही चिप न बसवता, घरी कॉपी केलेली सीडी टाकली की गेम सुरू. ज्या कंपनीचा सगळा हिशोब गेमच्या विक्रीवर, तिला हे किती महागात पडलं असेल विचार करा.

सप्टेंबर २००० मध्ये एक मीटिंग झाली. सेगा अमेरिकेचे पीटर मूर आणि चार्ल्स बेलफील्ड यांनी जपानमधल्या मंडळींसमोर सरळ मांडलं की कन्सोलचा धंदा बंद करून फक्त गेमवर यावं. ते ऐकून सेगाच्या स्टुडिओंचे प्रमुख उठून बाहेर निघून गेले. मला त्या लोकांचा राग समजतो, आयुष्यभर आपल्या कंपनीच्या मशीनसाठी गेम बनवलेली माणसं ती. पण मूर काही चुकीचं बोलत नव्हते. किंमत आधीच १४९ डॉलरवर आणलेली होती, ऑनलाइन सेवा सुरू केली होती, जाहिरातीवर पाण्यासारखा पैसा ओतला होता, आणि तरी ख्रिसमसला पाहिजे तेवढी विक्री झाली नाही. मार्च २००१ ला संपलेल्या वर्षाचा तोटा निघाला ५१.७ अब्ज येन. ड्रीमकास्ट शेवटी ९१ लाखांवर थांबलं.

त्या क्षणी कंपनी उभी राहिली ती एका माणसामुळे, इसाओ ओकावा. सेगाची मालक कंपनी सीएसके, तिचे संस्थापक आणि तेव्हा सेगाचेही अध्यक्ष. १९९९ ला त्यांनी सेगाला ५० कोटी डॉलर उसने दिले होते. जाण्याआधी त्यांनी ते कर्ज माफ केलं आणि स्वतःकडचे सेगाचे आणि सीएसकेचे जवळपास ७० कोटी डॉलरचे शेअर कंपनीला देऊन टाकले. १६ मार्च २००१ ला ते वारले. आता जे म्हणतात अजून दोन वर्षं तग धरायचा, त्यांना मला विचारायचंय की कुणाच्या पैशांवर? ही शेवटची पुंजी होती. ती आणखी एका कन्सोलमध्ये घातली असती, समोर प्लेस्टेशन २, २००१ च्या अखेरीस निन्टेन्डोचं गेमक्यूब आणि मागे मायक्रोसॉफ्टची तिजोरी असलेलं एक्सबॉक्स, तर ना मशीन राहिलं असतं ना सॉनिक.

निन्टेन्डोचं उदाहरण हमखास दिलं जातं. त्यांचं वी यू हे कन्सोल आपटलं, साधारण १ कोटी ३५ लाखांवर संपलं, सगळे विश्लेषक म्हणत होते हार्डवेअर सोडा, मोबाइलवर या, आणि निन्टेन्डोचे प्रमुख सातोरू इवातांनी ऐकलं नाही, स्वतःचा पगार अर्धा केला आणि कंपनी स्विच या पुढच्या कन्सोलपर्यंत पोचली. बरोबर आहे, आणि त्यांनी सोडलं नाही हे चांगलंच झालं. पण निन्टेन्डोकडे बँकेत रोख पडलेली होती, हातात धरायचं ३डीएस जोरात विकलं जात होतं, आणि वी यूच्या आधीचं वी हे कन्सोल १० कोटी घरांत पोचलेलं होतं. एक पिढी फसली तर ती गिळायची ऐपत होती. सेगाच्या ओळीनं तीन चाली फसल्या होत्या आणि चौथी चांगली पडली तेव्हा खिसा रिकामा होता. दोघांना एकच सल्ला कसा लागू पडेल?

पुढचा रस्ता सोपा नव्हता. सेगाच्या टोकियोतल्या जवळपास एक तृतीयांश कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, ही या निर्णयाची सगळ्यात कडू बाजू, आणि ती कुणीही हलक्यात घेऊ नये. पण डिसेंबर २००१ मध्ये सॉनिक गेमक्यूबवर आला, मार्च २००३ ला संपलेल्या वर्षात सेगा पुन्हा नफ्यात होती, २००४ ला सॅमी या कंपनीबरोबर एकत्र आली. आणि २००५ ला त्याच सोनीच्या प्लेस्टेशन २ वर, ज्यानं ड्रीमकास्ट संपवलं होतं, सेगाच्या लोकांनी याकुझाचा पहिला भाग काढला, टोकियोच्या एका रात्रीच्या बाजारपेठेची गल्लीन्गल्ली उभी केलेला गेम. ती मालिका आजही चालू आहे, आणि ती बनवणाऱ्यांत ड्रीमकास्टच्या काळातली माणसं होती.