सात इथेच बसतो

मंडळी, सुडोकू सोडवणारा प्रोग्राम लिहायला फार मोठी विद्या लागत नाही. रिकाम्या घरात आकडा भरून पाहा, पुढे अडलं की मागे ये, दुसरा भर, एवढंच संगणकाला सांगायचं. वर्तमानपत्रातलं कोडं तो डोळ्याचं पातं लवायच्या आत सोडवतो. मग त्याच कोड्यावर आपण पेन्सिल घेऊन अर्धा अर्धा तास का बसतो?

गंमत म्हणजे हे वेड आपल्यापर्यंत आणलं ते संगणकानेच. अमेरिकेत १९७९ मध्ये हे कोडं पहिल्यांदा छापलं गेलं, १९८४ मध्ये जपानच्या निकोली प्रकाशनाने ते उचललं. हाँगकाँगचे निवृत्त न्यायाधीश वेन गूल्ड यांना ते १९९७ मध्ये टोकियोच्या एका पुस्तकांच्या दुकानात दिसलं. त्याने त्यांना असं झपाटलं, की कोडी तयार करणारा प्रोग्राम लिहिण्यात त्यांनी सहा वर्षं घालवली. नोव्हेंबर २००४ मध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये त्यांचं कोडं आलं, आणि मग ते जगभर पसरलं.

आता प्रत्यक्ष सोडवताना काय होतं ते बघा. प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि नऊ घरांच्या चौकटीत एक आकडा एकदाच यायला हवा. मग मधल्या चौकटीत ७ कुठे जाईल? तिच्या वरच्या आडव्या ओळीत ७ आधीच आहे, खालच्या ओळीतही आहे. म्हणजे मधली ओळ. तिथलं एक घर भरलेलं, दुसऱ्या घराच्या उभ्या ओळीत ७ बसलेला. उरलं एकच घर. इथे ‘बहुधा’ नाही, ‘मला वाटतं’ नाही. सात इथेच बसतो, आणि का बसतो ते मला ठाऊक आहे. दिवसभरात आपण किती गोष्टींबद्दल एवढ्या खात्रीने बोलू शकतो? आपण म्हणतो, ‘कोडं सुटलं’. गाठ सुटावी तसं. बोटांना ती सैल होताना कळते, तो क्षण आपल्याला हवा असतो.

२०१२ मध्ये डब्लिनच्या गॅरी मॅग्वायर यांच्या गटाने दाखवून दिलं, की उत्तर एकच यायचं असेल तर सुरुवातीला किमान १७ आकडे द्यावेच लागतात. १६ पुरत नाहीत. त्यासाठी संगणकाने प्रचंड शोध घेतला. काम थोरच आहे. पण तो पुरावा म्हणजे ‘सगळीकडे शोधलं, सापडलं नाही’. आपलं मन मात्र ‘का नाही?’ याच्यापाशी घुटमळत राहतं.

निकोलीची ख्याती हाताने रचलेल्या कोड्यांसाठी आहे. असं कोडं सोडवताना जाणवतं, की कुणीतरी आपल्यासाठी वाट आखून ठेवली आहे: आधी हा ७ दिसावा, मग त्याच्यामुळे तो ४. शेवटची पाच-सहा घरं आपोआप भरत जातात. ती भरताना मी पुष्कळदा पुन्हा त्या सातकडेच बघत असतो.