एक मिलिमीटरचा जंत

श्रोतेहो, नमस्कार.

काजूचा हंगाम सरत आला की बागेतून जाताना एक आंबूस वास येतो. भट्टीवर गेली ती बोंडं सुटली, उरली ती झाडाखालीच कुजतात. आपण नाकाला रुमाल लावून पुढं जातो. पण अशा कुजक्या फळावर डोळ्यांना न दिसणारी एक पंगत बसलेली असते. त्या पंगतीतल्या एका जंताबद्दल आज बोलायचंय.

जंत म्हटलं की आठवते ती शाळेत वाटतात ती गोळी, नाहीतर हत्तीपाय. कुळागरवाल्याला विचाराल तर तो मिरीची पिवळी पडलेली वेल दाखवील आणि म्हणेल, मुळाला सूत्रकृमी लागलेत. सगळं खरं. या मंडळींनी घराण्याचं नाव पार घालवलंय. पण त्याच घराण्यातला ‘सीनोरॅब्डायटिस एलिगन्स’ कुणाच्या पोटात शिरत नाही की कुणाचं मूळ पोखरत नाही. कुजक्या फळापानांवरचे जिवाणू खातो. लांबी मिलिमीटरभर, अंग काचेसारखं आरपार. नाव लांबलचक आहे, आपण नुसतं एलिगन्स म्हणू.

१९६३ साली केंब्रिजमध्ये सिडनी ब्रेनर या शास्त्रज्ञाला प्रश्न पडला होता, एका अंड्यातून अख्खं शरीर, त्यातली मज्जासंस्था, हे सगळं घडतं कसं? जिवाणूला मज्जातंतू नाहीत. उंदराच्या मेंदूत तर इतकी गर्दी की मोजायला जन्म पुरायचा नाही. त्यानं हा जंत धरला. प्रयोगशाळांतून आज जो मूळ वाण वापरतात, तो इंग्लंडात ब्रिस्टलजवळ अळंब्यांच्या खतातून आलेला. ठेवायला छोटी बशी पुरते, खायला जिवाणूंचा एक थर. अंड्यापासून तीन-चार दिवसांत प्रौढ. बहुतेक सगळे अर्धनारीनटेश्वर, त्यामुळे नराची वाट न बघता एकटा जंत तीनशेच्या आसपास पिलं घालतो. काम नसलं तर गोठवून ठेवा, वर्षांनी बाहेर काढा, वळवळायला लागतो! एकच नखरा. त्याला २० अंशांचा गारवा मानवतो, २५च्या पुढे पिलावळ घटू लागते. म्हणजे आमच्या मे महिन्यात त्याला एसी हवाच.

आता जॉन सल्स्टन यांच्याविषयी. मला या सगळ्या गोष्टीत आवडतो तो हा माणूस. अंग आरपार दिसतं, तर एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार होताना बघत का बसू नये? ते बसले. दिवसातून दोनदा, दर वेळी चार-चार तास, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, दीड वर्षं. गळ टाकून बसणाऱ्यालाही एवढा धीर नसतो. हाती आली ती प्रत्येक पेशीची वंशावळ, १९८३ साली छापलेली. अंडी-शुक्राणूंच्या पेशी सोडल्या, तर प्रौढ अर्धनारीनटेश्वर जंताच्या शरीरात ९५९ पेशी. ९६० नाहीत, ९५८ नाहीत. ह्या जंतात तेच, त्या जंतात तेच.

पण हिशेबात एक गंमत निघाली. पेशी तयार होतात १०९०. मग बाकीच्या १३१ गेल्या कुठं? त्या मरतात. रोगानं नव्हे, इजेनं नव्हे. ठरल्या वेळी, ठरलेल्या जागी, आपणहून. रॉबर्ट हॉर्विट्झ यांनी हा मरणाचा हुकूम देणारी जनुकं शोधली, आणि तशीच जनुकं माणसात सापडली. आईच्या पोटात आपला हात आधी वल्ह्यासारखा असतो, बोटांमधल्या पेशी अशाच मरतात म्हणून बोटं सुटी होतात. आणि मरायला हवी ती पेशी मरायलाच तयार नसेल, तर कर्करोगाला वाट मिळते. २००२ सालचं नोबेल या तिघांना मिळालं. त्यानंतर २००६, २००८ आणि २०२४ सालच्या नोबेलमध्येही या जंताचा वाटा आहे.

एका बाबतीत मात्र तो अजून भाव खातो. त्याच्या मज्जापेशी ३०२. कोण कुणाला जोडलेली, याचा नकाशा १९८६ सालीच तयार झाला. तरीही हा पठ्ठ्या पुढच्या क्षणी डावीकडे वळेल की उजवीकडे, हे त्या नकाशावरून खात्रीनं सांगता येत नाही. तीनशे दोन पेशी, बरं का! आणि आपण माणसाच्या मनाच्या गप्पा मारतो.

बघायची हौस असेल तर घरीच बघा. नरसाळ्याच्या दांडीला रबरी नळी जोडून ती चिमट्यानं बंद करा, पाणी भरा. बागेतली ओली माती पातळ फडक्यात गुंडाळून त्या पाण्यात रात्रभर ठेवा. जंत फडक्यातून निसटून खाली बसतात. सकाळी चिमटा सैल करून थेंबभर पाणी काचेवर घ्या आणि शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरा. एलिगन्सच निघेल असं नाही, पण त्याचे भाऊबंद नक्की, नागमोडी वळवळत. नंतर हात साबणानं धुवा. नमस्कार.