काच सगळ्यात शेवटी

[दृश्य: बडोद्यातल्या मांजलपूरची सोसायटी, सकाळ. तिसऱ्या मजल्यावरची स्लायडिंगची खिडकी.]

बडोद्याचं ऊन मार्च लागला की काचेवर काम करू देत नाही. तापलेल्या काचेवर साबणाचं पाणी वायपर फिरायच्या आत सुकतं आणि पट्टे उठतात. म्हणून पश्चिमेच्या खिडक्या सकाळी, पूर्वेच्या दुपारनंतर.

पण फ्लॅटमध्ये खरा वेळ जातो तो जाळ्यांत आणि पल्ले सरकतात त्या ट्रॅकमध्ये. बादली घेऊन थेट काचेला भिडलं, की मग ट्रॅक घासताना उडणारं मळकं पाणी त्याच काचेवर बसतं आणि काच पुन्हा पुसावी लागते.

आधी घरातले सगळे जाळीचे पल्ले एकदम उतरवा. चौकटीच्या आतल्या अंगाला पेन्सिलीनं खिडकीचा नंबर घाला. जाळ्या दिसायला सारख्या, पण एकीची दुसरीत नीट बसेलच असं नाही. मऊ ब्रशनं धुवून उभ्या टेकवा. बाकीचं काम होईतो त्या सुकतात.

[जवळून: ट्रॅक.]

ट्रॅक कोरडाच साफ करायचा. पाणी ओतलं की धुळीचा चिखल होतो आणि पाणी बाहेर जायच्या भोकांत जाऊन बसतो. रंगकामाचा जुना ब्रश आणि व्हॅक्यूमचं चिंचोळं तोंड पुरतं. कोपऱ्यासाठी स्क्रूड्रायव्हरला फडकं गुंडाळा. उत्तरायणाच्या पतंगांनंतर गच्चीलगतच्या खिडक्यांच्या चाकांत मांजा सापडला, तर बोटांनी ओढू नका, कात्रीनं कापा. मग भोकांत बारीक तार घालून पेलाभर पाणी ओता. ते भराभर बाहेर गेलं नाही, तर पावसाळ्यात तेच पाणी खोलीत येणार. घरमालक मात्र चौकटीच्या फटी बुजवणारं सिलिकॉन गेलं म्हणून मिस्त्रीला बोलावतात.

आता काच. दहा लिटर पाण्याला भांड्यांचा लिक्विड साबण एक चमचा, बस्स. जास्त घातला की फेस काचेवर राहतो आणि त्याच्यावर धूळ लवकर धरते. घरच्या पल्ल्यांना चौदा इंची वायपर बरा. साबणाच्या पाण्यात भिजवलेला कापडी पट्टा काचेवर फिरवा, वरची बोटभर कड फडक्यानं कोरडी करा आणि तिथूनच वायपरचं रबर टेकवा. कोरड्या कडेवरून सुरुवात केली की वरून ओघळ येत नाही. दर ओढ आधीच्या ओढीवर इंचभर चढू द्या, आणि प्रत्येक ओढीनंतर रबर पुसा. एक बारीक रेघ सारखी उमटत असेल तर रबराची धार खचलीय: रबर उलटून दुसरी धार वापरा. आतून उभ्या ओढी, बाहेरून आडव्या. म्हणजे राहिलेली रेघ कुठल्या बाजूची ते लगेच कळतं.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग साबणानं जात नाहीत, ते क्षार असतात. लिटरभर पाण्यात दोन चमचे लिंबाची फुलं, म्हणजे सायट्रिक ॲसिड, विरघळवून कापड भिजवा, पाच-दहा मिनिटं काचेवर चिकटवून ठेवा, मग धुवा. खालचा कट्टा संगमरवराचा किंवा कोटा फरशीचा असेल तर आधी प्लास्टिक अंथरा. दोन्ही दगड चुन्याच्या जातीचे. आम्लाचा थेंब पडला तरी तिथली चकाकी जाते. संडासचं ॲसिड ॲल्युमिनियमला खातं, ते खिडकीजवळ आणूच नका. रंगाचे ठिपके ओल्या काचेवर पात्यानं, एकाच दिशेनं. मात्र आरशासारख्या लेपाच्या काचेला पातं लावायचं नाही, लेप निघतो.

[दृश्य: दांडिया बाजार, जुन्या घराची लाकडी खिडकी.]

इथे छोट्या काचा आणि त्यांना चौकटीत धरणारी पुट्टी. स्पंज पिळून घ्या, वायपर सहा इंची. पुट्टीत पाणी मुरलं की ती सुटते.

[पुन्हा फ्लॅट.]

बाहेरच्या काचेसाठी छज्ज्यावर पाय द्यायचा नाही, बाहेर झुकायचं नाही. दोघांनी मिळून आतला पल्ला वर उचलायचा, खालची बाजू खोलीत ओढायची आणि जमिनीवर जुन्या चादरीवर धुवायचा. वरच्या ट्रॅकमध्ये पल्ला निसटू नये म्हणून बसवलेला स्टॉपर असतो. तो आधी काढायचा, नाहीतर उचलताना चौकट वाकते. पल्ला परत बसवल्यावर तोच स्टॉपर स्क्रूनं परत आवळून, पल्ला दोनदा सरकवून आणि लॉक लागतंय का ते पाहूनच पुढच्या खिडकीकडे जायचं.