पिल्लाचा वाफसा

(गावच्या वाचनालयाच्या हिवाळी व्याख्यानमालेतलं भाषण, वाचायला सोयीचं व्हावं म्हणून थोडं नीट केलेलं)

अध्यक्ष गुरुजी, सरपंच ताई, वाचनालयाची मंडळी, आणि मागं भिंतीला टेकून उभे असलेले पोट्टे हो, समोर या, सतरंजीवर जागा आहे. फलकावर ‘पाळीव स्पॅनियलचं सामाजिकीकरण’ असं लिहिलंय. मी फोनवर फक्त ‘पिल्लाला जगाची ओळख’ एवढंच सांगितलं होतं. आपल्याकडे माणसाळणं हा चांगला शब्द आहे, पण मला तो अर्धा वाटतो, कारण त्यात नुसता माणूस आला. आपल्या गावात राहायचं तर पिल्लाला बैल, बंडी, ट्रॅक्टर, पिठाची चक्की, लग्नाचा बँड, स्प्रे पंप, गोठ्यावरच्या टिनावर पडणारा पाऊस आणि वावरात येणारे वांदर, एवढ्या सगळ्यांची ओळख पाहिजे. आणि ती ओळख वेळेत झाली पाहिजे. वेळेचं पुढे सांगतोच, आधी भुरीचं सांगतो.

भुरी म्हणजे आमची कॉकर स्पॅनियल. मुलगा पुण्याला नोकरीला आहे, त्यानं तिकडच्या एका विकणाऱ्याकडून आणली. तीन महिन्यांची आहे म्हणून दिली. आमच्याकडे आली तेव्हा मी तोंड उघडून पाहिलं तर पुढचे दुधाचे दात पडून नवे आलेले. बैलाचे दात पाहण्यात आयुष्य गेलं, कुत्र्याचे काय वेगळे! डॉक्टरांना दाखवली, ते म्हणाले पाच महिन्यांची तरी आहे. म्हणजे दोन महिने जास्तीचे ती कुठं होती, तर एका खोलीत, पिंजऱ्यात, वरच्या मजल्यावर. लस टोचलेली होती, अंगावर केस चकचकीत, वजन व्यवस्थित. पण त्या लेकरानं जमिनीवरची माती पाहिली नव्हती हो. पहिल्या दिवशी अंगणात सोडली तर सारवलेल्या जमिनीवर पाय ठेवेना, उंबऱ्यावर बसून थरथरत होती. मला आजही त्या माणसाचा राग येतो. पैशाचं जाऊ द्या, पण त्यानं जे विकलं त्यातले ते दिवस काढून घेतले होते आणि ते दिवस कोणत्याच दुकानात परत मिळत नाहीत.

घरी कोणी आलं की भुरी लोळायची आणि जागेवरच मुतायची. माझी वहिनी म्हणे, ‘भाऊजी, हे कुत्रं घाणेरडं आहे, दोन चापटा द्या, शिकते बरोबर.’ तर ऐका, हे घाणेरडेपण नाही. ‘मी लहान आहे, मला मारू नका’ असं ती सांगते, कॉकरमध्ये हे पुष्कळ दिसतं, आणि चापट दिली की वाढतं. या जातीचं काळीजच मऊ. नाव स्पॅनियल म्हणजे स्पेनवरून पडलेलं, आणि कॉकर हे वुडकॉक नावाच्या पक्ष्यावरून, झुडपातून तो पक्षी उठवायचं काम. शिकाऱ्याच्या जवळ राहून, त्याच्या तोंडाकडे पाहून काम करणारं कुत्रं आहे हे. आपल्या तोंडाकडे पाहणाऱ्याला आपण ओरडलो तर त्यानं पाहायचं कुठं?

आता पोळा. त्या वर्षी भुरीला येऊन दीड महिना झाला होता. मला वाटलं सगळं गाव जमते, एकाच दिवसात सगळ्यांची ओळख होऊन जाईल. गळ्यात नवा पट्टा घातला आणि नेली तोरणाखाली. झुली घातलेले, शिंगं रंगवलेले बैल ओळीनं उभे, डफडं वाजून राहिलं, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, सुरू, ‘हर हर महादेव’ झालं की पाचपन्नास गळे एकदम. पोरं येऊन तिचे कान ओढून राहिली, म्हाताऱ्या मावश्या गालाला हात लावून ‘किती गोड आहे वं माय’. ती जांभया देत होती, ओठ चाटत होती, आणि मी सगळ्यांना सांगत होतो की पाहा कशी शांत आहे. ती शांत नव्हती, ती गोठली होती. तेवढ्यात कोणीतरी फटाक्यांची लडी लावली, तोरण तुटलं, बैल सुटले, आणि पट्ट्यातून मान काढून भुरी गेली.

रात्री एक वाजेपर्यंत बॅटऱ्या घेऊन आम्ही फिरलो. नाल्याकडे गेलो, संत्र्याच्या बगिच्यात गेलो, एसटी स्टँडवर विचारलं. माझ्या घरचीनं पुरणपोळीला हात लावला नाही. सकाळी गड्याला सापडली, कुटाराच्या ढिगात, कानात कुसळं, अंगभर गोखरू, आणि मला पाहून जवळ आली नाही. मी हाक मारली आणि ती आणखी आत सरकली. बापाला ओळखत नाही असं लेकरू पाहिलं की काय होते, ते मी इथं सांगू शकत नाही. अर्धा तास मी तिथंच कुटारात बसून राहिलो, मग ती आली.

(गुरुजी घड्याळ दाखवून राहिले. पंधरा मिनिटं? बरं.)

तर मुद्दा. तुम्ही सगळे शेतकरी आहात म्हणून सोपं आहे. वाफसा. पाऊस पडला की लगेच पेरत नाही, चिखल असतो. फार थांबलो तर जमीन टणक होते. मधले जे मोजके दिवस, ते आपले. पिल्लाचा वाफसा म्हणजे साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत. त्या दिवसांत जे भेटलं ते ‘आपलं’ होते, नंतर जे भेटते त्याची आधी भीती वाटते. हे अमेरिकेत मेन राज्यात बार हार्बरला तपासलेलं आहे, 1961 मध्ये छापून आलं, आणि ती पिल्लं कोणती होती म्हणाल तर कॉकर स्पॅनियल आणि बीगल. उंच कुंपणाच्या वावरात ठेवली, माणसाचा संबंध नाही. काहींना दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आठवड्यात काढून एकेक आठवडा माणसांत ठेवलं. काही पिल्लांना चौदा आठवडे काढलंच नाही, तर ती जंगली जनावरासारखी माणसाला भिणारी झाली. म्हणून विकत घेताना वय विचारा, पिल्लू कुठं वाढलं ते डोळ्यानं पाहा. 2017 च्या केंद्राच्या नियमात आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे, तेवढे दिवस त्याला आई पाहिजेच. म्हणजे घरी आल्यावर तुमच्या हातात राहतात चार ते सहा आठवडे. बस.

आता डॉक्टर म्हणतील लसी पूर्ण होऊ द्या, आणि लसी तर सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारी रक्ताची हगवण, खरोखर वाईट आहे, आपल्या गल्लीत पिल्लं मरताना तुम्ही पाहिली आहेत. पण बाहेर नेणं म्हणजे जमिनीवर ठेवणं असं कोणी सांगितलं? पहिली लस झाली की आठवडाभरानं कडेवर घ्या, बंडीत बसवा, आठवडी बाजाराच्या कडेला दहा मिनिटं नेऊन परत आणा. जिथं गावची कुत्री हगतात तिथं पाय टेकू देऊ नका, एवढंच.

भीती वाटणाऱ्या गोष्टीपासून किती लांब थांबायचं, ते अंतर मोजायचं कसं, तर तोंडासमोर खायला धरा. उकडलेल्या अंड्याचा, कलेजीचा बारीक तुकडा. घेतला तर अंतर बरोबर. आवडीची वस्तू असून तोंड फिरवलं तर तुम्ही फार जवळ आहात, वीस पावलं मागं या. शेपटीवर भरवसा ठेवू नका, या जातीची शेपूट पुष्कळ ठिकाणी छाटलेली असते आणि कान एवढे जड की उभेही होत नाहीत. गावठी कुत्र्यांनाही तिचं मन त्यामुळे नीट वाचता येत नाही, म्हणून भेट घालायची तर एका वेळी एकाच म्हाताऱ्या, सुस्त कुत्र्याशी, टोळीशी नाही. आणि मावश्यांनो, प्रेमानं प्रसादातले मनुके-बेदाणे देऊ नका, कुत्र्याच्या किडन्या त्यानं खराब होतात.

(पाच मिनिटं. हो, हो.)

कान. बाहेर फिरवून आणलं की रोज कान उलटून पाहायचे, कुसळ आत सरकलं की डॉक्टरशिवाय निघत नाही, गोचिड्या तर बोटांच्या मधातही असतात. पण कानाला, पंजाला, तोंडाला हात लावू देणं हीसुद्धा ओळखच आहे, ती पण लहानपणीच, हात लावला की तुकडा, हात लावला की तुकडा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला जातो तेव्हा फिरणं पहाटेच, डांबरावर तर नाहीच.

आणि वाफसा हुकला असेल तर? माझा हुकलाच होता. तर दुबार पेरणी. पीक येते, पण बियाणं दुप्पट लागते आणि उतारा कमी. दुसऱ्या वर्षी पोळ्याला आम्ही भुरीला घेऊन शाळेच्या ओट्यावर बसलो, तोरणापासून लांब, डफडं फक्त ऐकू येईल एवढ्या. तिनं अंडं खाल्लं. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला थोडं जवळ, कारण लाकडी बैल पळत नाहीत आणि पोरं लहान असतात. तीन वर्षं लागली. यंदा ती तोरणापासून पन्नास पावलांवर पाय पसरून झोपली होती, लडी लागली तेव्हा उठली, माझ्याकडे पाहिलं आणि परत बसली. मी तिथंच रडलो, माझ्या नातवानं पाहिलं.

झालं गुरुजी. भुरी बाहेर कडुनिंबाखाली नातवाजवळ बसली आहे. ज्यांना भेटायचं असेल त्यांनी एकेक करून जा, तिच्यासमोर उभं राहून वाकू नका, बाजूला खाली बसा, हात मांडीवर ठेवा, तिच्या डोळ्यात पाहू नका. ती येईल. आज नाही आली तर उद्या पुन्हा बसा.