वर्ग ऑनलाइन, पण खाटेपाशी ७५० तास

(अमेरिकेत काम करणाऱ्या मराठी परिचारिकांसाठी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. लहान मुलांच्या आयसीयूत, इमर्जन्सीत, वॉर्डात काम करणाऱ्या आणि आता नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे पुढचं शिक्षण घेऊन स्वतः रुग्ण तपासणारी आणि उपचार ठरवणारी परिचारिका, व्हायचं मनाशी ठरवलेल्या तुमच्याशी आज एकाच विषयावर बोलायचं आहे: पीडियाट्रिक अक्यूट केअरचा ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रम शोधायचा कसा. ड्यूटी आणि घर सांभाळून शिकायचं तर ऑनलाइनच सोयीचं, यात वाद नाही. पण बहुतेक जण शोध उलट्या टोकाने सुरू करतात. ‘ऑनलाइन कुठे आहे’ हे आधी बघतात आणि ‘क्लिनिकलचे, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांपाशी शिकायचे, तास कुठे होणार, लायसन्स कोणत्या राज्याचं काढायचं’ हे प्रवेश घेतल्यावर. क्रम नेमका याच्या उलट हवा.

आधी नावाचा घोळ मिटवू. २००८ सालच्या एपीआरएन कन्सेन्सस मॉडेलने, म्हणजे अमेरिकेतल्या प्रगत परिचारिकांसाठीच्या आराखड्याने, बालरोगाच्या नर्स प्रॅक्टिशनरचे दोन रस्ते वेगळे केले: प्रायमरी केअर आणि अक्यूट केअर. लसीकरण, वाढ-विकास, नेहमीचा ताप-खोकला हे प्रायमरीचं क्षेत्र. व्हेंटिलेटरवरचं मूल, सेप्टिक शॉक, डायबेटिक कीटोअॅसिडोसिस, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरचं बाळ हे अक्यूटचं. हा भेद इमारतीवरून ठरत नाही, मुलाच्या प्रकृतीला काय हवं आहे त्यावरून ठरतो. विद्यापीठाच्या पानावर नुसतं ‘पीडियाट्रिक नर्स प्रॅक्टिशनर’ लिहिलेलं असेल, तर बऱ्याचदा तो प्रायमरीचा अभ्यासक्रम निघतो. फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर करून पुढे पीआयसीयूत (मुलांच्या आयसीयूत) जाता येईल, हा आणखी एक महागात पडणारा समज. त्या शिक्षणात मुलं येतात, पण प्रायमरी केअरपुरती. पदवीच्या ट्रान्सक्रिप्टवर (अधिकृत गुणपत्रकावर) ‘पीडियाट्रिक’ आणि ‘अक्यूट केअर’ हे दोन्ही शब्द येणार का, हे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या.

शेवटी जी परीक्षा द्यायची आहे, तिच्यापासून मागे येत शोधलं की यादी आपोआप आटोपशीर होते. अक्यूट केअरचं सीपीएनपी-एसी हे प्रमाणपत्र पीएनसीबी, म्हणजे पीडियाट्रिक नर्सिंग सर्टिफिकेशन बोर्ड देतं. त्यांच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रमांची यादी असते, ती पहिली चाळणी. मग अधिस्वीकृती बघा: नर्सिंगचे अभ्यासक्रम तपासून मान्यता देणाऱ्या सीसीएनई, एसीईएन किंवा एनएलएन-सीएनईए या संस्थांपैकी एकीची हवी. इथे एक बारकावा आहे. विद्यापीठाची अधिस्वीकृती वेगळी आणि नर्सिंगच्या त्या पदवीची वेगळी. एमएसएनला (नर्सिंगच्या मास्टर पदवीला) मान्यता असते आणि नव्याने सुरू केलेला पोस्ट-ग्रॅज्युएट सर्टिफिकेटचा अभ्यासक्रम अजून तपासणीत असतो, असंही होतं. आधीच प्रायमरीचं प्रमाणपत्र असलेल्यांना हा सर्टिफिकेटचा रस्ता सोयीचा, कारण जुने विषय पुन्हा करावे लागत नाहीत. पण त्यांनीही त्या सर्टिफिकेटची मान्यता स्वतंत्रपणे तपासावी. पॅथोफिजिऑलॉजी, फार्माकॉलॉजी आणि हेल्थ असेसमेंट हे तीन प्रगत विषय स्वतंत्र पेपर म्हणून आहेत ना, हेही बघा. एकत्र कोंबलेले असले तर अडचण येते.

आता गाभ्याकडे येतो. नर्स प्रॅक्टिशनर शिक्षणाच्या राष्ट्रीय निकषांनी २०२२ साली प्रत्यक्ष रुग्णसेवेचे किमान तास ५०० वरून ७५० केले. सिम्युलेशन त्यात धरत नाहीत. जरा हिशोब मांडू. १२ तासांच्या शिफ्टने ७५० तास म्हणजे ६३ शिफ्ट. १४ आठवड्यांची तीन सत्रं धरली, तर आठवड्याला साधारण १८ तास, म्हणजे एका आठवड्यात एक शिफ्ट आणि पुढच्या आठवड्यात दोन. हे तुमच्या पगारी ड्यूटीच्या वर, आणि बहुतेक वेळा बिनपगारी. स्वतःच्याच युनिटमध्ये, कामाच्या वेळेत हे तास भरून निघतील असं धरून चालू नका. त्या वेळी तुम्ही स्टाफ नर्स नसता, विद्यार्थी असता. म्हणून शेवटच्या वर्षाची रजा आणि घरातली व्यवस्था आताच आखून ठेवा.

हे तास जिथे भरायचे ते रुग्णालय आणि तिथला प्रिसेप्टर, म्हणजे तुम्हाला हाताखाली घेऊन शिकवणारा अनुभवी माणूस, कोण शोधणार? ऑनलाइन अभ्यासक्रमांत सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात. पीआयसीयू मुळात मोजकीच, आणि तिथल्या जागांवर स्थानिक विद्यापीठांचा हक्क आधी असतो. प्रिसेप्टर तोंडी ‘हो’ म्हणाले तरी विद्यापीठ आणि रुग्णालय यांच्यात करार व्हावा लागतो. दोन्हीकडच्या वकिलांच्या टेबलांवरून तो फिरतो आणि महिनेच्या महिने जातात. कराराअभावी सत्र हुकलं, तर काही ठिकाणी ते क्लिनिकल पुढच्या वर्षीच मिळतं. म्हणून प्रवेशाच्या बोलण्यात नेमके प्रश्न टाका. माझ्या शहरात तुमचा करार कोणत्या रुग्णालयाशी आहे? जागा मिळाली नाही तर ती लावून देण्याची जबाबदारी कोणाची? मागच्या तुकडीतल्या किती जणांचं क्लिनिकल लांबलं? ‘आम्ही मदत करतो’ हे उत्तर पुरेसं नाही. पीआयसीयूशिवाय इमर्जन्सी, हॉस्पिटलिस्ट, सर्जरी, कार्डिऑलॉजी अशा कोणत्या रोटेशन मिळतात, तेही विचारा. सगळे तास एकाच विभागात गेले तर परीक्षेला आणि नोकरीलाही जड जातं.

राज्याची बाजू थोडक्यात. दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठाला तुमच्या राज्यात शिकवता यावं म्हणून सारा नावाचा करार आहे. कॅलिफोर्निया त्यात नाही, त्यामुळे काही अभ्यासक्रम तिथल्या रहिवाशांना घेतच नाहीत. शिवाय नर्सिंग बोर्डाची परवानगी सारामध्ये येत नाही. वॉशिंग्टन राज्यात बाहेरच्या अभ्यासक्रमाला क्लिनिकलसाठी तिथल्या बोर्डाची वेगळी मान्यता लागते. आपली पदवी कोणत्या राज्यात लायसन्सच्या अटी पूर्ण करते, हे जाहीर करणं विद्यापीठांवर बंधनकारक आहे. ते पान उघडा, आपलं राज्य शोधा, त्याची प्रत जपून ठेवा. क्लिनिकल ज्या राज्यात, तिथे चालणारं आरएन (नोंदणीकृत परिचारिकेचं) लायसन्सही हवं.

‘ऑनलाइन’ या शब्दाचेही प्रकार आहेत. ड्यूक किंवा व्हॅन्डरबिल्टसारख्या नावाजलेल्या ठिकाणी दूरस्थ शिक्षणातसुद्धा ठरावीक दिवस कॅम्पसवर जावं लागतं. तिथे इंट्युबेशन, सेंट्रल लाइन, लंबर पंक्चर अशी कौशल्यं हाताखालून घालतात. ते दिवस मला गरजेचे वाटतात. व्हिडिओ बघून हात बसत नाही. पण विमान आणि हॉटेलचा खर्च फीच्या तक्त्यात दिसत नाही, तो स्वतः त्यात जोडा. वर्ग थेट असले तर घड्याळही बघा: ईस्टर्न वेळेचा संध्याकाळी ५ चा वर्ग सिअॅटलला दुपारी २ ला येतो, आणि रात्रपाळीवाल्यांची ती झोपेची वेळ.

पैशाचं बोलायचं तर रुग्णालयाकडून मिळणारी शिक्षणमदत वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत करमुक्त असते. फेडरल कर्ज ग्रीनकार्डधारकांना मिळतं, एच-१बी (नोकरीच्या) आणि एच-४ (त्यांच्या कुटुंबीयांच्या) व्हिसावाल्यांना मिळत नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पूर्ण ऑनलाइन पदवी चालत नाही, कारण एका सत्रात एकच ऑनलाइन विषय पूर्णवेळ शिक्षणात धरला जातो. एच-४ वर शिकता येतं, पण बऱ्याच अभ्यासक्रमांना आधी बालरोग विभागातला एक-दोन वर्षांचा आरएन अनुभव लागतो आणि तो मिळवायला कामाची परवानगी हवी. एनआयसीयूचा (नवजात शिशूंच्या आयसीयूचा) अनुभव यात धरतात का, हे प्रत्येक ठिकाणी विचारा. नवजात शिशूंसाठी नर्स प्रॅक्टिशनरचा रस्ता स्वतंत्र आहे.

महाराष्ट्रात शिकून आलेल्यांसाठी अजून थोडं. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा आहे, त्यावर बहुतेक ठिकाणी थेट एमएसएन किंवा डीएनपी (नर्सिंगची डॉक्टरेट) होत नाही. आधी बीएसएन, म्हणजे नर्सिंगची बॅचलर पदवी, पूर्ण करावी लागते. बीएस्सी नर्सिंग असेल तर ट्रान्सक्रिप्टचं मूल्यांकन लागतं. ते कोणत्या संस्थेकडून केलेलं चालेल, हे विद्यापीठाला आधी विचारा, नाहीतर तीच फी दोनदा भरावी लागते. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना १९९८ ची, त्याआधीच्या पदव्यांचे कागद मुंबई, पुणे अशा जुन्या विद्यापीठांकडून काढावे लागतात. बहुतेक वेळा बंद लिफाफा थेट मूल्यांकन संस्थेकडे जावा लागतो. तुमच्या हातातली प्रत, ती कितीही स्वच्छ असली तरी, चालत नाही. म्हणून अर्जाच्या मुदतीच्या सहा महिने आधी गावाकडच्या कोणाला तरी अधिकारपत्र देऊन कामाला लावा, आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला त्याच लिफाफ्यासोबत पाठवा.